बंद न पडणारी जिनिंग

"आज बॉयलर विझवायचा," मी म्हणालो.

आबासाहेबांनी तोंडाजवळ नेलेला विडा परत डब्यात ठेवला. "इन्स्पेक्टर साहेब, सकाळी सकाळी मस्करी करू नका. बाहेरच्या गाड्या पाहिल्या का तुम्ही?"

पाहिल्या होत्या. अकोल्याच्या त्या जिनिंगपुढे कापसाच्या बैलगाड्यांची रांग पार नाल्याच्या पुलापलीकडे गेली होती. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायचा कारखाना. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आमच्या वऱ्हाडात जिनिंगा वाफेवर चालायच्या. वाफ बॉयलरमधून यायची. बॉयलर फुटून माणसं मरू नयेत म्हणून सरकारने माझ्यासारखी माणसं ठेवली होती. मी असिस्टंट बॉयलर इन्स्पेक्टर. मोठे साहेब नागपुरात, माझं बिऱ्हाड अमरावतीत, आणि कापसाचा सीझन लागला की मुक्काम अकोल्यात.

बॉयलर का विझवायचा हे मला तेव्हा धड सांगता येत नव्हतं. दोष काहीच दिसला नव्हता. दोष दिसत नाही हीच तर माझी तक्रार होती.

त्याचं असं आहे. अकोला खारपाणपट्ट्यात येतं. तिथल्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही. असं पाणी उकळत राहिलं की बॉयलरच्या आतल्या पत्र्यावर खाराचा थर धरतो, पातेल्याच्या बुडाला दूध लागावं तसा. थर जाड झाला की पत्रा तापून धोका वाढतो. म्हणून मधून मधून बॉयलर थंड करायचा, आत माणूस उतरवायचा आणि छिन्नी-हातोडीने थर काढायचा. तेवढे दिवस कारखाना बंद. मालक कुरकुरायचे, पण करायचे. त्या वर्षी पाऊस कमी झालेला, पाणी आणखीच खारट. अकोल्यातली एकूण एक जिनिंग मध्ये थांबली होती. आबासाहेबांची मात्र एकदाही नाही.

हे मला एका गाडीवाल्याकडून कळलं. स्टेशनवरून चालत येताना मी त्याला सहज विचारलं होतं, एवढी रांग इथंच काहून?

"थे जिनिंग कधी बंदच नाई पडत, साहेब," तो म्हणाला. "बाकीच्याईकडे आज चालू, उद्या बंद. इथं आलं का गाडी खाली झालीच समजा."

झालं. माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. संशय आला असं मुळीच नाही. मला वाटलं, यांना पाण्यावर एखादं जालीम औषध सापडलं असणार. त्या काळी प्रत्येक फायरमनचं आपलं एक औषध असायचं. फायरमन म्हणजे बॉयलरला कोळसा घालणारा आणि आतलं पाणी सांभाळणारा माणूस. कोणी पाण्यात बाभळीची साल टाकायचा, कोणी चक्क बटाटे. यांचं औषध खरंच लागू पडत असेल तर ते मला माहीत करून घ्यायचं होतं.

आधी विहिरीवर जाऊन पाणी चाखलं. लगेच थुंकलं. शेजारच्या जिनिंगचं होतं तसंच हेही. मग बॉयलरपाशी गेलो. इथला फायरमन सदाशिव, सगळे त्याला सदूभाऊ म्हणायचे. जुना माणूस, कामाला चोख.

"सदूभाऊ, पाण्यात काय टाकून राहिले यंदा?"

"काई नाई साहेब. बाभळीची साल."

"थे त सगळेच टाकतात. मंग तुमाले थर काढायले थांबावं काहून नाई लागत?"

"देवाची दया," तो म्हणाला आणि फावडं घेऊन कोळशाकडे वळला.

आता हा सदूभाऊ भारी बोलका. बॉयलरचं नाव काढलं की याला आवरावं लागायचं. तो माणूस आज देवाच्या दयेवर भागवतो म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं.

तिथून मी जिनच्या, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांच्या, शेडमध्ये गेलो. बॉयलरघर आणि शेड यांच्यामध्ये एक विटांची भिंत, बस्स. शेडमध्ये बाया ओळीने उभ्या राहून जिनमध्ये कापूस सोडत होत्या. सदूभाऊची बायको गिरजाबाई त्यांच्यातच होती. तिच्या उजव्या हाताला चिंधी बांधलेली, चिंधीवर रक्त वाळलेलं, आणि बाई त्याच हाताने कापूस सोडत होती.

"काय झालं हाताले?"

"पात्यात बोट गेलं परवा."

"मंग मशीन नाई थांबवली?"

ती हसली. "थांबवली असती त या बायाईनं मले उभं जाळलं असतं. बक्षीस हाये ना यंदा."

बक्षिसाची हकीकत तिने कापूस सोडता सोडता सांगितली. सीझनभर जिनिंग एक दिवसही बंद पडली नाही, तर सगळ्यांना एक पगार जास्त. एकही दिवस पडली, तर कोणालाच काही नाही. आबासाहेबांनी हे गेल्या वर्षीपासून लावलं होतं. गेल्या वर्षी सीझन संपत आला असताना सदूभाऊच्या हातून पाणी कमी पडलं, बॉयलरचा प्लग, म्हणजे धोक्याचं बूच, वितळला, आग विझली, बक्षीस गेलं. त्यानंतर सदूभाऊशी कोणी नीट बोलेना. हळदीकुंकवाला गिरजाबाईला बोलावणं येईना.

मला नवल वाटलं ते आबासाहेबांचं. हा माणूस हिवरखेडकडचा, काळ्या जमिनीतला शेतकरी. व्यापारी वजनात मारतात म्हणून चिडून त्याने स्वतःची जिनिंग काढली होती. पहिल्याच वर्षी एका मजुराचा हात पट्ट्यात आला, तेव्हा याच माणसाने दिवसभर कारखाना बंद ठेवला आणि स्वतःच्या दमणीत, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीत, घालून मजुराला दवाखान्यात नेलं. मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मग दोन सीझन तेजीचे गेले. पैसा यायला लागला की माणसाला तो कमी का पडायला लागतो, हे काही मला नोकरीभर कळलं नाही.

हे सगळं ऐकून मी आबासाहेबांच्या ऑफिसात गेलो आणि बॉयलर विझवायचा म्हणालो.

त्यांनी आधी हसून पाहिलं, मग रागावून. मग खुर्ची जवळ ओढली. "साहेब, अमरावतीचा उन्हाळा कसा काढता तुम्ही? चिखलदऱ्याला आपला बंगला रिकामाच आहे. बाईसाहेबांना घेऊन महिनाभर राहा. खानसामा आहे."

अमरावतीचा मे महिना काढलेल्या माणसाला चिखलदऱ्याची हवा म्हणजे काय, ते विचारू नका. पण तोवर या माणसाने मला साधा चहा पाजला नव्हता. आज एकदम बंगला? माझी उत्सुकता दुप्पट झाली.

"बंगला राहू द्या," मी म्हणालो. "प्लग पाहायचा आहे."

हा प्लग म्हणजे काय ते सांगतो. बॉयलरच्या पोटात एक मोठी नळी असते, तिच्यात आग. नळीच्या वरून पाणी. नळीच्या माथ्यावर एक भोक ठेवून त्यात पितळी बूच बसवतात. बुचाच्या मध्ये शिसं भरलेलं असतं. वर पाणी आहे तोवर शिसं थंड राहतं. फायरमनच्या चुकीने पाणी खाली गेलं किंवा थर जाड होऊन पत्रा फार तापला की शिसं वितळतं, भोकातून वाफ आणि पाणी थेट आगीवर येतं आणि आग विझते. कारखाना बंद पडतो, माणसं वाचतात. सीझनच्या आधी मी स्वतः तो तपासून पास केला होता.

सरकारी हुकूम म्हटल्यावर बॉयलर विझवावाच लागला. तो थंड व्हायला वेळ लागतो, तोवर मी तिथेच आवारात बसून राहिलो. मजूर माझ्यापुढून जायचे, पण मान वळवून. मला कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. वऱ्हाडात दारी आलेल्या वैऱ्यालाही पाणी विचारतात. गिरजाबाई तेवढी जवळ येऊन बोलली, "काय भेटलं तुमाले आमच्या पोटावर पाय देऊन?"

थंड झाल्यावर मी कंदील घेऊन नळीत शिरलो. काजळी पुसली आणि चाकूने प्लगचा मध्यभाग खरवडला. शिसं असतं तर चाकूने सहज चरा पडला असता. चाकू घसरला. पुन्हा खरवडलं, पुन्हा घसरला. शिसं काढून कोणीतरी त्या जागी लोखंडी बोल्ट ठोकला होता. वरचं पाणी संपलं असतं तरी तो जन्मात वितळला नसता. म्हणजे औषध कसलंच नव्हतं; थर काढायला हे थांबलेच नव्हते.

मग मी नळीच्या माथ्यावरून हात फिरवला. प्लगच्या पलीकडे पत्रा खाली लोंबला होता. म्हणजे मध्ये कधीतरी पाणी खरंच खाली गेलं होतं. पत्रा लाल झाला होता, मऊ पडला होता आणि वाफेच्या दाबाने खाली उतरला होता. तो तिथेच का थांबला, फाटला का नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

मी सदूभाऊला आत बोलावलं. "इथं हात लाव."

त्याने हात लावला. फायरमनला समजावून सांगायची गरज नव्हती. तो तिथेच बसला.

"बोल्ट कोणं ठोकला?"

"म्या. तुमी पास करून गेल्यावर, आग लावायच्या आधी."

"आबासाहेबानं सांगतलं?"

"नाई. कोणंच नाई सांगतलं."

"अरे, फुटला असता त पहिला तू गेला असता. भिंतीच्या पलीकडे तुही बायको."

"मी पाणी खाली जाऊच देत नव्हतो, साहेब. डोळ्यात तेल घालून बसत होतो." मग म्हणाला, "एकदा जेवल्यावर डोळा लागला. एकदाच. उठलो अन् हळूहळू पाणी सोडलं."

तो त्या लोंबलेल्या पत्र्याकडे पाहत होता. मला वाटलं, आता हा रडणार.

"मंग साहेब," तो हळूच म्हणाला, "बक्षीस गेलंच म्हणायचं ना?"

मी कंदील उचलला आणि बाहेर आलो.

आबासाहेबांना बोल्ट दाखवला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "किती दिवस बंद?" मग म्हणाले, "मी कोणाला असं करायला सांगितलं नव्हतं." ते खरं होतं. त्यांनी फक्त बक्षीस लावलं होतं. बाकी सगळं माणसांनी आपणहून केलं.

सर्टिफिकेट मी त्याच दिवशी रद्द केलं. पत्रा कापून नवा बसवेपर्यंत कापूस संपला. सदूभाऊला मालकाने काढून टाकलं. ज्यांच्यासाठी त्याने बोल्ट ठोकला, त्यांच्यापैकी एकही जण त्याच्या बाजूने बोलला नाही. मालकाला दंड झाला, तो त्यांनी उभ्या उभ्या भरला. माझ्या रिपोर्टात मी एक वाक्य घातलं होतं की या प्रकाराचं कारण बोल्ट नसून बक्षीस आहे. नागपूरच्या साहेबांनी ते वाक्य खोडलं. ॲक्टमध्ये बक्षिसाला कलम नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या सीझनला आबासाहेबांनी फायरमन नवा ठेवला. बक्षीस तेच.

मी मात्र माझी पद्धत बदलली. कारखान्यात गेलो की गेज, व्हॉल्व्ह, प्लग हे सगळं नंतर. आधी बायांच्या शेडमध्ये जाऊन विचारायचं, यंदा बक्षीस कशावर लावलंय. तेवढं कळलं की बॉयलरमध्ये कुठे चाकू लावायचा ते आपोआप समजायचं.