भुलीची सुई

तुम्हाला पाठवलेल्या तारेत ‘आजोबा शांतपणे गेले’ असे होते. ते शब्द तुमच्या काकाचे. महिना उलटला, आता मी खरे लिहिते. तुमचे आजोबा शांतपणे गेले नाहीत. शेवटच्या आठवड्यात त्यांनी पलंगाची पट्टी उपटली, पाण्याचा पेला माझ्या डोक्यावरून भिंतीवर फोडला, देवाला शिव्या घातल्या. प्रोस्टेटचा कर्करोग मणक्यात आणि मांड्यांच्या हाडांत उतरला होता...

सोलापुरात ते गुरांचे डॉक्टर होते. खेड्यांत तेव्हा खोंड बडवत, म्हणजे पाय बांधून खाली पाडत आणि वृषणांच्या शिरा लाकडी ठोकळ्यावर दगडाने ठेचत. ती किंकाळी मी लग्नानंतर पहिल्याच वर्षी ऐकली आणि जेवले नाही. यांनी कातडीवरूनच शिरा चिरडणारा लोखंडी चिमटा आणला. एक कडाका, रक्ताचा थेंब नाही. पण खोंड तसाच हंबरडा फोडायचा. “अहो, त्याला दुखत असेल,” असे मी म्हटले की ते म्हणत, “दोन मिनिटांचं काम. जनावर विसरतं.”

साठी ओलांडल्यावर कंबर धरली. तपासण्या झाल्या आणि सर्जनने वृषणे काढायला सांगितली. यांनी टेबलावरची काचेची कागददाबणी उचलून त्याच्या कपाटावर फेकली. “मला बडवणार काय?” कपाटाची काच खळकन खाली आली. मी काचा वेचल्या.

गंमत अशी की, सर्जनचे म्हणणे बरोबर आहे हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले कळत होते. पूर्वी त्यांनीच मला समजावले होते की शरीरात प्रथिनांचे बांधकाम आणि पाडकाम एकाच वेळी चालू असते आणि पुरुषी हार्मोन हा बांधकामाचा मुकादम. तो काढला की खोंडाचे वशिंड उतरते, मानेचे मांस झडते. प्रोस्टेटच्या पेशीही त्याच मुकादमाच्या हुकमाने वाढतात. तो गेला की पाडकाम वरचढ होते आणि गाठ खचते. हे सारे ठाऊक असून ते तीन आठवडे उशी चावत पडले. ऑपरेशन टाळले तर पाय जातील, असे सर्जनने बजावले होते. मी हात लावला तर झिडकारत. एकदा इतक्या जोराने झिडकारले की माझे मनगट सुजले.

कुंभारी गावचा मल्लप्पा भेटायला आला. त्याचा खोंड यांनीच चिमटला होता. त्याने पायताण दाराबाहेर काढले आणि सरळ विचारले, “सायेब, कापून घेत न्हाय म्हणं?”

“मी काय खोंड हाय का रे?”

“न्हाय की. खोंडाला काय कळत न्हवतं. तुमाला समदं कळतंय, तरी लाथा झाडतासा.”

मला वाटले, आता तांब्या फेकतात. ते हसले... हसता हसता कमरेत कळ आली तसे ओरडले, आणि ओरडतच म्हणाले, “टांगा आण.”

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी ते उशीशिवाय उठून बसले. दुखणे ओसरले होते. मला वाटले, आता आनंदाने काही बोलतील. त्यांनी स्वतःच्या थोबाडीत मारली, एकदा, दोनदा, गालावर बोटे उठेपर्यंत. मी हात धरला.

“सोड. पाठीत भुलीची सुई दिल्यावर मला काही म्हणता काही कळलं नाही, विमल. सुई माझ्याही कपाटात होती. तीस वर्षं होती.”

त्यानंतर त्यांनी एकही खोंड सुईशिवाय चिमटला नाही. सुई रोज सकाळी मी स्वयंपाकघरात उकळून द्यायची. त्यांचे दंड सुकले, गाल मऊ पडले. “बघ, माझं वशिंड उतरलं,” म्हणत. अशी दोन वर्षे मिळाली. मग दुखणे परतले. “मुकादम हाकलला, पण गवंडी आपलं आपण काम शिकले,” असे त्यांनी मला शांतपणे सांगितले. त्यांचे शांतपणे बोललेले ते शेवटचे वाक्य.

गेल्या सोमवारी यांच्या गुरांच्या दवाखान्याचा शिपाई धापा टाकत आला. “बाई, नवं सायेब चिमटा घेऊन हुबं हायेत. पर एक म्हातारी खोंडाच्या गळ्यात पडलीय. सायबांना ढकललं तिनं. म्हणती, पयली सुई, मगच हात लावा.”

सुई शोधावी लागली नाही. त्याही सकाळी मी ती उकळून ठेवली होती.