पाऊण किलोचा लिटर

मुलुंडच्या एका पेट्रोल पंपावर मी मॅनेजर आहे. इथे माणूस थांबतो तो टाकी भरेपर्यंत. पण तेवढ्यात काहीतरी बोलून जातो आणि ते आपल्याकडे राहतं. अशा गोष्टी साठत जातात. घरी सांगायला घेतलं की नवरा म्हणतो, पेट्रोलमध्ये सांगण्यासारखं काय असतं गं? म्हणून तुम्हाला सांगते.

रोज सकाळी आमचं पहिलं काम डेन्सिटी, म्हणजे घनता, घ्यायचं. काचेच्या उंच जारमध्ये पेट्रोल, त्यात तरंगणारी खुणांची नळी, ती किती बुडते त्यावरून पेट्रोल किती जड ते कळतं, सोबत थर्मामीटर. पेट्रोल पाण्याहून हलकं, लिटरभर घेतलं तर पाऊण किलोच्या आसपास भरतं. नोकरी लागेपर्यंत हे मलाही ठाऊक नव्हतं.

पलीकडच्या गल्लीतल्या एका किराणावाल्या शेठलाही नव्हतं. पेट्रोल संपून त्यांची स्कूटर बंद पडली म्हणून ते पत्र्याच्या कॅनमधून लिटरभर पेट्रोल घेऊन गेले, दुकानातल्या काट्यावर ठेवलं आणि तणतणत परत आले. पाव किलो कुठे गेलं, असा त्यांचा सवाल. मी पाच लिटरच्या मापात पेट्रोल सोडून दाखवलं. माप बरोबर भरलं, तरी शेठचं समाधान होईना. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःच आले.

"मॅडम, माझ्याच दुकानातल्या तेलाच्या पिशवीवर लिहिलंय. एक लिटर, नऊशे दहा ग्रॅम. इतकी वर्षं विकतोय, वाचलं काल." मग हळूच म्हणाले, "बरं झालं, गिऱ्हाइकांनी पण कधी वाचलं नाही."

कर्णिक काका बँकेतून निवृत्त झालेले. थंडीत पेट्रोल घट्ट असतं, म्हणून पहाटे भरलं की जास्त मिळतं, असं त्यांनी कुठेतरी वाचलेलं. त्यामुळे पंप उघडायच्या आधीच ते गेटवर हजर. भरायचे मात्र थोडंसंच. एकदा मला राहवलं नाही. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथे पहाट काय आणि दुपार काय, पेट्रोल सारखंच, असं मी त्यांना समजावून सांगितलं.

त्यांनी हेल्मेटचा पट्टा लावला. "मला माहीत आहे गं. पण सकाळी उठून बाहेर पडायला काहीतरी कारण नको?"



एका संध्याकाळी एक नवरा-बायको बाइक ढकलत आले. तो ढकलतोय, ती दोघांची हेल्मेटं घेऊन बाजूने चालतेय. ऐरोलीच्या पुलावर पेट्रोल संपलेलं. नवरा भांडुपच्या शाळेत विज्ञान शिकवणारा, घामाने निथळलेला, पण तोंड चालू. एका लिटरमध्ये साधारण नऊ युनिट विजेइतकी ऊर्जा असते, आपला पंखा पाच दिवस अखंड फिरेल, आणि आपण बघ, इथवर येताना अर्धमेले झालो, असं तो तिला सांगत होता. ती मन लावून ऐकत होती. तो तोंड धुवायला नळावर गेला तेव्हा ती मला म्हणाली, लग्नाला महिना झाला, एवढं बोलताना ह्याला पहिल्यांदाच ऐकते आहे.

आमचे सावंत नोझल घेऊन उभे होते. किती भरू, त्यांनी विचारलं.

"अर्धाच लिटर घाला," ती म्हणाली.

हे सावंत कणकवलीचे, पंपावरचे सगळ्यात जुने. त्यांना घाबरलेलं मी एकदाच पाहिलं. मे महिन्यातली दुपार, वारा अजिबात नाही, टँकर रिकामा होत होता. पेट्रोलची वाफ हवेहून जड, वर जात नाही, जमिनीलगत सरकत राहते. आमच्या भिंतीबाहेर, फुटपाथवर एक माणूस उकिडवा बसला होता, तोंडात विडी, हातात काडेपेटी. सावंत धावले. तो माणूस उलट त्यांनाच ऐकवायला लागला, मी रस्त्यावर बसलोय, तुमच्या हद्दीत नाही. सावंत त्याच्या शेजारी तसेच उकिडवे बसले आणि म्हणाले, वास घे. त्याने घेतला. काडेपेटी खिशात गेली. टँकर रिकामा होईपर्यंत दोघं तिथेच बसून होते.

नंतर मी चहा दिला, तर सावंतांनी कप तसाच बाजूला ठेवला. "हद्द सांगत होतो तो माका," ते म्हणाले. "वाफेक खंय हद्द कळता?"

आणि गेल्या दिवाळीनंतरची ही गोष्ट. एक बाई आणि तिची कॉलेजातली मुलगी जुनी स्कूटर ढकलत आल्या. बाईंचा नवरा गेल्यापासून स्कूटर बिल्डिंगखाली उभीच होती. आता विकायची ठरली होती. मेकॅनिकने इंजिन साफ करून दिलं, पण टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका म्हणाला. ते बाईंच्या नवऱ्यानेच आमच्या पंपावर भरलेलं, शेवटचं.

सावंतांनी नळी लावून ते कॅनमध्ये काढलं. व्हार्निशसारखा वास येत होता. बाईंनी विचारलं, खराब झालं म्हणजे नक्की काय झालं? मी ते जारमध्ये ओतून डेन्सिटीची नळी सोडली. ताज्या पेट्रोलपेक्षा जड निघालं.

"हलकं असतं ते उडून जातं," मी म्हटलं. "जड तेवढं मागे राहतं."

 बाईंनी सावंतांना नवीन पेट्रोल भरायला सांगितलं. मुलगी हँडल धरून पुन्हा ढकलायच्या तयारीत उभी राहिली. बाईंनी तिला बाजूला केलं, पदर खोचला, आणि दुसऱ्या किकला स्कूटर सुरू केली.

"आई, तुला चालवता येते?"

"बस मागे," बाई म्हणाल्या, "तुझ्या बाबांना मीच शिकवली होती."