वाढत्या अंगाची हॉकी स्टिक

आज परतूरच्या मैदानावर माझ्या पोरीचं नाव शाळेच्या हॉकी टीममधून कटलं. डोकं नुसतं तापलंय, म्हणून लिहून राह्यले.

मैथिली बारा वर्षांची. निवडीच्या मॅचमध्ये बॉल सारखा तिच्या स्टिकवरून निसटत होता. तिला बाहेर बसवलं तशी मी तावातावाने खेळाच्या मॅडमकडे गेले. "पोरगी रोज सराव करते, मंग काढली कशाला?"

मॅडमनी तिची स्टिक तिच्या शेजारी उभी धरली. "ही कमरेच्या हाडापर्यंत पाहिजे, ताई. हिच्या तर बरगडीला लागून राह्यली. पोरीनं वाकायचं कसं? कोणी घेतली?"

मीच घेतली! जालन्यातला दुकानदार म्हणाला, "वाढत्या अंगाची न्या ताई, तीन वर्षं बघायचं काम न्हाई." मलाही ते बराबर वाटलं. युनिफॉर्म, बूट, सगळं आपण तसंच तर घेतो. पण बाही दुमडता येते. स्टिक दुमडता येते का?

पोरगी दोन महिने सांगत होती, "मम्मी, दांडा पोटात टोचतो." मी म्हणायचे, "होईल सवय."

दुकानदाराला शिव्या घालत घरी आले आणि कोपऱ्यात तिच्या भावाची बॅट दिसली. ती घेताना आम्ही त्याला दुकानात उभं करून मापलं होतं. हिची स्टिक घ्यायला गेलो तेव्हा हिला सोबत नेलंसुद्धा न्हाई.

खरं सांगा, तुमच्या घरात मापाचं कोणाला मिळतं, आणि वाढत्या अंगाचं कोणाला?