कॅप्टनची दुरुस्ती

मकबूलेचा नवरा कुणाचं ऐकेल तर शपथ! सिवास ते अंकारा बस हाकण्यात जन्म गेलेला माणूस. बस चालवतो तो कॅप्टन, म्हणून नाझमी निवृत्त झाला तरी घरात, गल्लीत, मशिदीच्या पायरीवर कॅप्टनच राहिला. भर बर्फात गाडी बंद पडली की कोट काढायचा, बाह्या सारायच्या आणि हाताला लागेल त्या तारेनं, चिंधीनं गाडी पुढच्या गावापर्यंत न्यायचीच. मकबूलेलाही त्याचं कौतुक होतं, नव्हतं असं नाही. पण बस ती बस आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेला, पाणी नि घर तापवणारा गॅसचा बॉयलर तो बॉयलर, हे त्या माणसाला सांगणार कोण?

ऐन कडाक्यात बॉयलर पेटेनासा झाला. कंपनीला फोन करून करून मकबूलेचं बोट झिजलं, तेव्हा कुठे एक कारागीर उगवला. झाकण उघडलं, दातातून हवा ओढली आणि म्हणाला, "याला आधी हात कुणी लावला होता?" मेले सगळे कारागीर हेच विचारतात! शाळेत शिकवतात की काय कोण जाणे. मग म्हणाला, धूर नीट बाहेर जात नाही, पंखा तरी गेला असेल नाहीतर बाहेरचा पाइप तुंबला असेल, पाइप बघायला शिडी लागेल, आणि शिडीवाला पुढच्या आठवड्यात येईल.

"पुढच्या आठवड्यात?" कॅप्टन म्हणाला. "तोवर आम्ही काय एकमेकांच्या तोंडावर फुंकर घालून बसायचं?"

"काका, मोसम आहे. सगळ्यांचेच बंद पडतायत."

"तू चहा संपव आणि चालता हो."

त्यानं चहा संपवला, वर आणखी एक पेला मागून घेतला आणि झाकण वाकडं बसवून गेला. मकबूले दातओठ खात राहिली. पंधरा मिनिटं घरात होता, पण एक स्क्रूसुद्धा धड आवळला नाही. असल्यांच्या भरवशावर थंडी काढायची म्हणजे मेंढरानं लांडग्याला रखवालीला ठेवायचं!

दार लागलं आणि कॅप्टननं बाह्या सारल्या. दिवसभर बॉयलरचं पोट उघडं टाकून बसला. झडपा काढल्या, पुसल्या, परत बसवल्या. शेवटी एका चिमुकल्या डबीपाशी आला. पाइपातून धूर जात नसेल तर आग विझवायची, एवढंच त्या डबीचं काम.

"ही बघ चुगलखोर," तो म्हणाला. "हिला नुसतं वाटलं की धूर अडलाय, की ही आग विझवते. वाटून घेणाऱ्यांचं ऐकलं असतं तर माझी बस डेपोबाहेर पडली नसती." आणि डबीच्या दोन तारा सोडवून त्यानं एकमेकींना पिळून टाकल्या.

नळ सोडला तर बॉयलर भपकन पेटला आणि कढत पाणी आलं. कॅप्टननं पक्कड अशी टेबलावर ठेवली की जणू लढाई जिंकून तलवार ठेवतोय.

घरही उबदार झालं. मग काय विचारता! चहाखान्यात दुसरा विषयच नाही. त्याचा जिवलग दोस्त रिफ्की, मागच्या गल्लीत म्हाताऱ्या आईबरोबर राहणारा, एकटाच दहा जणांची टाळी वाजवायचा. "आमच्या कॅप्टनला कंपनीनं शिकवायला बोलवलं पाहिजे!" असं चढवलं हरभऱ्याच्या झाडावर. त्याच आठवड्यात रिफ्कीचाही बॉयलर कुरकुरायला लागला, कॅप्टन गेला, दोन तारा पिळून आला. त्या रात्री घरी येताना शीळ वाजवत जिना चढला.

खरं काय ते मकबूलेला विरजणानं सांगितलं. दुधाला विरजण लावून, भांडं दुलईत गुंडाळून नेहमीसारखं बॉयलरच्या पाण्यानं तापणाऱ्या लोखंडी रेडिएटरवर ठेवलं. सकाळी बघते तर दूध ते दूधच. तिनं रेडिएटरला हात लावला. गार! बैठकीतला गार, निजायच्या खोलीतला गार. दुसऱ्या दिवशी भांडं जमिनीवर ठेवलं तर दही असं लागलं की सुरीनं कापावं.

जमीन गरम होती, आणि जमीन म्हणजे खालच्या सिदिकाचं छत. कॅप्टननं बॉयलर उघडला त्याच सुमारास सिदिकाची सून रुकिये बाळंत झाली होती. चाळीस दिवस बाळंतिणीला आणि बाळाला वारा लागू द्यायचा नाही म्हणून सिदिकानं खिडक्यांच्या फटीत चिंध्या कोंबल्या होत्या आणि बॉयलर असा पेटवला होता की खाली गेलेला माणूस स्वेटर हातात घेऊन वर यायचा. कॅप्टननं आतली कुठली झडप उलटी बसवली होती देव जाणे, बॉयलर पेटायचा तो फक्त नळ सोडला की. घर तापत होतं ते बाळंतिणीच्या आगीवर! आयत्या बिळावर नागोबा, आणि नागोबा चहाखान्यात फणा काढून बसलेला.

मकबूलेच्या ओठांवर आलं होतं. कितीदा आलं! पण निवृत्तीनंतर हा माणूस कसा झाला होता ते तिनं बघितलं होतं. खिडकीत बसायचा, रस्त्यावरून बस गेली की मान वळवायचा, जेवायला हाक मारली तर "हो" म्हणायचा नि उठायचा नाही. आता तो पाठ ताठ करून चालत होता. एका गार रेडिएटरपायी त्याला पुन्हा त्या खिडकीत कसं बसवायचं? ती मूग गिळून गप्प राहिली. पण शेजाऱ्याचा हक्क आपण फुकट खातोय, हे काही तिच्या घशाखाली उतरेना. मग रोज सूप कर, द्राक्षाची भरली पानं कर, झाकून खाली दे. सिदिका म्हणायची, "मकबूले, सख्खी बहीण करणार नाही गं इतकं!" आणि मकबूलेला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटायचं.

एका सकाळी ती उठली तर पाय बर्फावर पडावा तसा जमिनीवर पडला.

कॅप्टन कोटाची बटणं लावत म्हणाला, "आज थंडी कडक आहे. आपला बॉयलर म्हातारा झालाय, जरा दम खातोय."

मकबूलेनं उत्तर द्यायच्या आत दार वाजलं. सिदिका दारात, डोक्यावरचा रुमाल वाकडा. "कॅप्टनभाऊ, आमचा बॉयलर पहाटे गेला हो! पेटतो नि विझतो, पेटतो नि विझतो. मुलगा कामावर. कंपनीवाले म्हणतात उद्या येऊ. अजून चाळीस दिवससुद्धा झाले नाहीत लेकराला. तुम्ही रिफ्कीचा केलात म्हणे..."

"दोन तारांचं काम," कॅप्टन म्हणाला. पाने आणि पक्कड त्यानं कधीच हातात घेतली होती. "आत्ता पेटवतो. रात्रभर धडाडून जाळा, काही होत नाही."

रात्रभर. मकबूलेनं मनात हिशेब केला. तिच्या घरातली आग नळ सोडला तेवढ्यापुरती. खाली मात्र दिवसरात्र जळणार, आणि फटीफटीत चिंध्या कोंबलेल्या. कंपनीचा तो कारागीर आळशी असेल, चहाबाज असेल, पण आपल्या बॉयलरचा धूर अडतोय म्हणाला होता, आणि खालचाही तसाच विझत होता. बंद पडलेलं घड्याळसुद्धा दिवसातून दोनदा खरं बोलतं, तसा तो एकदा खरं बोलला असेल तर?

ती चपला अडकवून खाली धावली. कॅप्टन स्टुलावर चढला होता, झाकण काढलेलं. रुकिये केसांना बाळंतिणीची लाल फीत बांधून दारात उभी, बाळ छातीशी दुलईत.

"कॅप्टन, खाली उतरा."

"तू चहा ठेव गं जरा."

"नाझमी!"

लग्नापासून तिनं चारचौघांत त्याला नुसत्या नावानं हाक मारली नव्हती. त्याचा पक्कड धरलेला हात थांबला.

"खाली उतर. आणि वर जाऊन आपल्या रेडिएटरला हात लावून ये, मग या लेकराच्या घरातल्या तारा पीळ. गार आहेत ते! तू दुरुस्त केल्यापासून एक दिवस तापले नाहीत. महिनाभर आपण या बाळंतिणीच्या आगीवर शेकतोय, कळलं? हिचा बॉयलर गेला आणि आपली जमीन गोठली. कसला म्हातारा बॉयलर नि कसला दम! तुझी दुरुस्ती ती दुरुस्ती नव्हतीच."

कॅप्टनचे कान लाल झाले.

"तुला ठाऊक होतं?" तो म्हणाला. "आणि मला गावभर नाचू दिलंस?"

"नाचू दिलं! कारण तू हसत होतास, मेल्या! तुझं नाक सांभाळत बसले मी. पण तुझ्या नाकापेक्षा या पोराचा श्वास मोठा आहे. हात लावशील या बॉयलरला तर आधी माझ्या अंगावरून जायचं."

कॅप्टन स्टुलावरून उतरला. कुणाकडे न बघता जिना चढून गेला.

मकबूलेनं सिदिकाच्या फोनवरून गॅसवाल्यांचा तातडीचा नंबर फिरवला. पलीकडून काहीतरी नंबर लागलाय, थांबावं लागेल वगैरे सुरू झालं. "भाऊ," ती म्हणाली, "चाळीस दिवसांच्या आतलं बाळ आहे. तुम्ही इथे येताय, की मी ते बाळ, त्याची आई आणि त्याचा पाळणा घेऊन तुमच्या ऑफिसात येऊ? तिथे गरम असेल ना?" कशी कोण जाणे, तासाभरात दोन माणसं आली, शिडीसकट. म्हणजे शिडी होती! शहरात शिडी होती, फक्त ती हलवायला बाईमाणसानं आरडाओरडा करायला हवा होता.

एकजण बाहेरून चढला. धुराच्या पाइपाचं तोंड बर्फानं पार बुजलं होतं. त्यानं ठोकून बर्फ पाडला आणि बॉयलर पेटला. दुसरा हात पुसत म्हणाला, "धूर अडला म्हणून आपोआप विझत होता. ते बरं झालं. कुणी याच्या तारा जोडल्या असत्या तर..." त्यानं बाळाकडे बघितलं आणि पुढचं बोललाच नाही.

कॅप्टन मघापासून जिन्यात उभा होता. रेडिएटरला लावून आलेल्या हाताची मूठ अजून वळलेली. त्याच्या तोंडून एकच शब्द आला, "रिफ्की."

गॅसवाल्यानं आधी वर जाऊन कॅप्टनच्या घरचा गॅस बंद केला, बॉयलरला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. "तुम्ही पुढे व्हा, तिथला बंद करा," तो म्हणाला, "आम्ही शिडी घेऊन मागोमाग येतो." रिफ्कीचा फोन लागेना. त्याचा फोन कधी चार्ज असतो? नवरा-बायको पायांत बूट अडकवून घसरत, पडत मागच्या गल्लीत पोचले.

रिफ्कीनं दार उघडलं आणि डोळे चोळत हसला. "या या, कॅप्टन! वहिनी, तुम्हीपण? सकाळपासून डोकं जरा जड आहे, चहाच टाकणार होतो."

कॅप्टननं तोंड उघडलं. भर घाटात साठ प्रवाशांवर ओरडणारा माणूस, पण शब्द फुटेना. मकबूलेनं त्याच्याकडे बघितलं. हे तिनं बोलायचं नव्हतं.

"रिफ्की, बॉयलर बंद कर."

"का हो? लोण्यासारखा चाललाय!"

"बंद कर म्हणतो ना! मी चुकीचा केलाय. तारा जोडायच्या नव्हत्या. विषारी धूर घरात येतो."

रिफ्की हसायलाच लागला. "तुम्ही आणि चुकीचा? कंपनीवाल्यांनी कान भरले वाटतं तुमचे! अहो, त्यांना काय, गिऱ्हाईक तुटतंय. मी नाही बंद करायचा. तुम्ही हात लावलाय त्याला."

"अरे गाढवा, मी सांगतोय!" कॅप्टनचा आवाज जिनाभर घुमला. वरच्या मजल्यावर एक दार उघडलं. "मी, नाझमी! मला येत नव्हतं! येत नव्हतं मला, तरी केलं!"

"काहीतरीच," रिफ्की म्हणाला. "उलट आईचं बघा. थंडी थंडी म्हणून रात्रभर जागवायची. आता इतकी गाढ झोपते, काल दुपारपासून उठलीच नाही. हाक मारली तरी..."

मकबूले पुढचं ऐकायला थांबली नाही. रिफ्कीला बाजूला ढकलून, बर्फाचिखलानं भरलेल्या बुटांनिशी ती आत घुसली. गालिच्यावरून, नमाजाच्या सतरंजीवरून, सरळ. त्या गावात असं कुणी केलं नसेल, तिनं स्वतः तर स्वप्नातही नाही. स्वयंपाकघरात गॅसचा खटका आडवा केला, खिडकी उघडली, मग शेजारच्या खोलीची उघडली. बर्फाळ वारा भसकन आत आला. म्हातारी नको इतक्या गुलाबी गालांनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मकबूलेनं तिला खांद्याला धरून हलवलं. परत हलवलं. मागे दारात कॅप्टन आणि रिफ्की उभे.

"आई! ओ आई! उठा!"

म्हातारीची पापणी थरथरली. डोळा किलकिला झाला, आधी उघड्या खिडकीकडे गेला, मग खाली गालिच्यावर.

"बूट?" ती पुटपुटली. जीभ जड, पण संताप चोख. "बूट घालून... माझ्या गालिच्यावर? कुणाच्या घरची गं तू, निर्लज्ज? खिडकी लाव..."

मकबूले तिथेच पलंगाच्या कडेवर बसली.

"बोला, आई," ती म्हणाली, "अजून शिव्या द्या. थांबू नका."