पाटीला हात

"पंचाला नको सांगू तू. पंच काय पाटी उचलतो? मी जातो, मी बगतो. तू चाय पी."

हे बोलताना राही अंगणात उकिडवी बसून कावडीच्या दोऱ्या आवळत होती, आणि तिचा नवरा बुधाजी उंबऱ्याला टेकून खोकत होता. बाजारातल्या जागेचं गाऱ्हाणं पंचापुढं घालतो म्हणून तो पहाटेपासून तिच्या मागं लागला होता. राही उठली, बांबू खांद्यावर घेतला, दोन्हीकडच्या पाट्या तोलून बघितल्या नि चालायलाही लागली.

"अगो, जातो न्हाय, जाते म्हनावं," बुधाजी मागनं म्हणाला.

"तूच शिकवला," ती न वळता म्हणाली.

ते खरंच होतं. खारवाडीत आल्यापासून तिच्याशी धड बोलणारा माणूस म्हणजे नवरा, आणि भाषा शिकली ती त्याच्याच तोंडून. त्यामुळं राही पुरुषासारखी येतो-जातो बोलायची, आणि रागावली की पलटणीतलं हिंदुस्थानी काढायची.

बुधाजीनं दोन लढाया बघितल्या, पण बंदूक अशी धरली नाही. कोळ्याचं पोर, सरकारनं होडीवरच घातलं. पहिल्या लढाईत बसऱ्याच्या नदीवर, दुसऱ्या लढाईत बर्माच्या. दुसऱ्या खेपेला भरतीवाल्यानं त्याच्या पिकल्या कल्ल्यांकडं बघितलं, पण होड्या जास्ती नि तांडेल कमी, तेव्हा त्यानं नजर दुसरीकडं वळवली. बुधाजी माघारी आला तो मांडीत गोळ्याचा एक तुकडा, त्या तुकड्याची थोडकी पेन्शन, एक पत्र्याची पेटी आणि एक बायको घेऊन. बुधाजी विधुर, तशी बायकोही विधवाच होती, तिकडच्या नदीकाठच्या मासे मारणाऱ्यांची लेक. लढाईनं तिचं गाव जाळून टाकलं होतं. बुधाजीनं तिच्याशी आपल्या रीतीनं लगीन लावलं नि नाव ठेवलं राही. खारवाडीनं ते नाव ऐकून घेतलं आणि तिला बरमीण म्हणायला सुरुवात केली.

तसं गावानं बाकी सगळं सोसलं असतं. ती गालाला चंदन फासून उन्हात बसायची, तेही सोसलं असतं. पण तिनं मडक्यात मीठ घालून जवळा कुजवला, तेव्हा गावाला वास आला. आता खारवाडी म्हणजे काय अत्तराची पेठ होती असं नाही. वाऱ्यावर बोंबील सुकायला लागले की एसटीतले लोक दोन गावं अलीकडंच नाकाला रुमाल लावायचे. पण आपला वास तो वास नव्हे, बरमिणीचा तो वास.

खरं दुखणं वेगळंच होतं. वेणूबाई ही खारवाडीच्या बायांची म्होरकी. तिची बहीण कोकिळा नवरा बुडाल्यापासून रिकामी होती, आणि बुधाजी लढाईवरनं पेन्शन घेऊन आला की त्याच्या गळ्यात कोकिळेला बांधायची, हे वेणूबाईनं मनाशी पक्कं केलं होतं. तो आला तर संगती बाई. पुढं कोकिळेनं मुरुडचा एक तांडेल केला, पोरंबाळं झाली, ती सगळं विसरली. वेणूबाई मात्र विसरली नाही. बहिणीचा अपमान बहिणीपेक्षा तीच जास्ती जपून होती.

आणि त्याचा वचपा काढायला तिच्या हातात एक गोष्ट होती, ती म्हणजे पाटी.

ओल्या म्हावऱ्यानं भरलेली पाटी एकटीच्यानं डोक्यावर जात नाही. एका बाजूनं आपण धरायचं नि दुसऱ्या बाजूनं कुणीतरी हात लावायचा, तेव्हा ती चुंबळीवर बसते. बाया पहाटे बंदरावर एकमेकींना हात लावायच्या आणि बोर्लीच्या बाजाराची वाट धरायच्या. सगळ्यात शेवटी एक उरायची, तिला हात लावायला वेणूबाईची सासू नीराबाई उभी असायची. नीराबाईला बाजाराला जाणं होत नव्हतं, पण हातात अजून बळ होतं. हात पाटी वाहिलेल्या बाईचाच पाहिजे, ही रीत. पुरुषाचा हात लागला की पाटी न खपता माघारी येते.

राहीच्या पाटीला कुणी हात लावला नाही. पहिल्या वर्षी ती पाटी भरून उभी राहायची, नि बाया तिच्या दोन्ही अंगांनी निघून जायच्या. नीराबाई चुळबुळायची. "मना काय गो," म्हणायची, "पन सून घरात जेवाय घालते."

थोडे दिवस बघून राहीनं आपल्या मुलखातली युक्ती काढली. बांबू चिरला, दोन टोकांना दोन पाट्या टांगल्या, खाली बसून खांदा दिला नि उठली. कुणाच्या हाताची गरज नाही. तो बांबू खालीवर लवायचा नि त्याच्या तालावर ती दुडक्या चालीनं बायांच्या पुढं निघून जायची. आमच्याकडं कावड न्यायची ती मिठागरातल्या बाप्यांनी. बायांनी तोंडाला पदर लावून हसून घेतलं, पण चालीत तिला गाठणं काही जमलं नाही.

बाजारात मात्र कावड कामाला येत नव्हती. बोर्लीला कोळणींची ओळ असते, आणि ओळीतली जागा सासूकडनं सुनेला जाते. बुधाजीच्या आईची जागा ओळीच्या मध्यावर, चांगली सावलीतली. म्हातारी गेल्यावर वेणूबाईनं तिथं आपली सुक्या बोंबलांची पाटी मांडली, आणि ती काही हलली नाही. राही बसायची ओळ संपल्यावर, गटाराच्या कडेला, अंडी विकणाऱ्या सफुराच्या शेजारी. गिऱ्हाईक तिथवर येईतो त्याची पिशवी भरलेली असायची.

"तुजा म्हातारा किती दिस पुरंल?" सफुरानं एकदा सरळच विचारलं.

"खोकतो," राही म्हणाली. "त्याच्या संगती पेन्शन पन जाणार."

म्हणून ती जागा हवी होती. बाकी तिला कुणी हळदीला बोलावलं नाही तरी ती जेवायची थांबली नव्हती.

त्या वर्षी पाऊस सरता सरता नीराबाई ओटीवरनं घसरली नि पाय मोडून खाटेला लागली. दुसऱ्या दिवशी पहाटे बंदरावर बायांच्या ध्यानात आलं की शेवटी उरणारीला हात लावायला कुणी नाही. बाकीच्या म्हाताऱ्यांच्या कमरा आधीच गेलेल्या. त्या दिवशी जी उरली, तिनं अर्धी पाटी वाळूत ओतली, उरलेली कशीबशी गुडघ्यावरनं डोक्यावर घेतली, नि वाटभर सगळ्यांना शिव्या घातल्या.

मग शर्यत लागली. शेवटी उरायचं नाही म्हणून बाया लवकर यायला लागल्या. एक कोंबड्याच्या आधी, तर दुसरी तिच्याही आधी. मचवे अजून लागायचे असत, नि बाया चुंबळी डोक्यावर ठेवून वाळूत तयार. बोर्लीत पोचायच्या तेव्हा बाजारात फक्त कुत्री असायची. बाया बसल्या बसल्या पेंगायच्या, कुत्री बांगडे पळवायची. एकदा बुधाजीनं मोठ्या मनानं पुढं होऊन, मांडी ओढत, पलटणीसारखं "एक, दो, उठाव" म्हणत एकीला हात लावला. तिची पाटी जशीच्या तशी माघारी आली. त्या दिवशी एकादशी होती, पण एकादशीला कोण बोल लावणार? बोल बुधाजीच्या हाताला लागला.

आणि एवढं सगळं होताना राही रोज तिथंच, चार पावलांवर, दोऱ्या आवळत बसलेली. हात रिकामे. पण तिनं डोक्यावर पाटी वाहिलेली नाही, तिचा हात चालत नाही, असं वेणूबाईनं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. तिच्याकडं कुणी बघत नव्हतं, म्हणजे सगळ्याच बघत होत्या.

एके दिवशी सासूला चहा पाजायला म्हणून वेणूबाई मध्येच घरी गेली, नि परत येते तो बंदर रिकामं. ज्यांच्यावर ती इतकी वर्षं हुकूम चालवत होती, त्या पार खिंडीच्या चढाला लागलेल्या. तिची पाटी काठोकाठ पापलेटांनी भरलेली. आणि पलीकडं बरमीण.

वेणूबाई थोडा वेळ दर्याकडं बघत उभी राहिली.

"वारा हाय आज," ती दर्याला म्हणाली.

"हाय," राही म्हणाली.

"म्हावरा नरम पडंल उनात."

"पडंल."

राहीनं दोरीची गाठ सोडली नि परत मारली. वेणूबाईनं पाटीभोवती एक फेरी घातली, चुंबळ डोक्यावर ठेवली, काढली, झटकली.

"हात लाव गो जरा," ती शेवटी म्हणाली, पण अजून दर्यालाच.

"मी कसा लावतो? पाटी वाहिला तिचाच हात पायजे. मी पाटी वाहिला न्हाय. तूच सांगितला सगळ्यांना."

वेणूबाईनं विचार केला. रीत तिचीच, तेव्हा तिला वाकवायचा हक्कही तिचाच.

"कावडीला काय असते गो? पाटीच असते नव्हं? आमची एक, तुज्या दोन. मंजे तू आमच्याहून दुप्पट वाहिलीस. डोक्यावर काय नि खांद्यावर काय, म्हावरा तोच."

"मंग माज्या सासूची जागा पन तीच," राही म्हणाली.

"तितं माजी बोंबलाची पाटी असते."

"ती हलवाय पन हात लागंल. लावतो मी."

खिंडीतनं बायांचं हसणं बारीक ऐकू येत होतं. ऊन माडांच्या शेंड्यावर उतरलं. वेणूबाईनं पापलेटांवरचा ओला फडका नीट केला.

"अर्दी जागा घे."

"पुरी."

"जल्ला तुजा तोंड," वेणूबाई म्हणाली. "पुरी घे. उचल आता."

राही उठली, पदर खोचला, पाटीची पलीकडची कड धरली. पाटी एका झोक्यात वेणूबाईच्या डोक्यावर गेली. मग राही खाली बसली, बांबूला खांदा दिला, उठली, आणि आपल्या दुडक्या चालीनं तिच्या पुढं निघून गेली.

बाजारात वेणूबाईनं बोंबलांची पाटी पायानं बाजूला सारली तशी सगळी ओळ वळून बघायला लागली.

"काय बगता गो?" ती म्हणाली. "बुधाजीच्या आवशीची जागा हाय ती. इतकी वर्सां मीच सांबाळून ठेवलीय, न्हायतर कवाच कोन बसली असती."

दुसऱ्या दिवसापासून बाया उजाडल्यावर यायला लागल्या. शेवटचीला राही हात लावायची नि मग आपली कावड उचलायची. नीराबाईला खाटेवर हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "मंजे आता मी मेले तरी बाजार बंद पडत न्हाय." बुधाजीनं पारावर बसून सांगितलं की पंचाला एक शब्द टाकला नि काम झालं. पंचालाही तसंच वाटलं.

जागेवर बसल्याच्या पहिल्याच दिवशी, सूर्य डोक्यावर यायच्या आत एक गिऱ्हाईक राहीपुढं वाकलं. सुरमई बोटानं दाबून बघितली नि भाव विचारला. राहीनं सांगितला. ते म्हणालं, "मागं गटाराकडं बसायचीस तेव्हा कमी सांगायचीस."

"आता इतं बसतो," राही म्हणाली.

"बसते," शेजारनं वेणूबाई म्हणाली. "बसते म्हनावं. आनि एक पैसा कमी करू नको, माजा पन भाव पडतो."

राहीनं मान हलवली, पाटावर सुरमई ओढली, कोयता पाण्यात बुडवला नि डोकं वेगळं केलं.