जाळ्याची दोरी

आमच्या घरात मूर्खपणाचे किस्से निघाले की मुलं आधी माझ्याकडे बघतात. बाकीचे मी हसत सांगतो. हा सांगताना खांदा ठणकतो.

आम्ही ज्या तलावात मासे धरतो त्याला पाणी येतं ते वरच्या जंगलातून, आणि ते जंगल कोळशाच्या खाणीसाठी तोडायचं ठरलं होतं. आधीच त्या उन्हाळ्यात तलाव इतका तापला की मासे पोट वर करून तरंगत होते. मग चंद्रपूरहून कॉलेजची पोरं हवामान बदलाचे फलक घेऊन आली, आणि राजुऱ्याच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक अडवायचं ठरलं. आदल्याच दिवशी जमावबंदी लागली. तरी आम्ही गेलो.

"दगड कोणी उचलाचा नाई," मोठ्या भावानं बजावलं.

"मंग जाळं आडवं धरू. जाळ्यानं कोणाले लागते?" ही हुशारी माझी.

"ट्रक धरून रांधाचा हाय का, भाऊजी?" वहिनी म्हणाली. सगळे हसले.

जाळ्याच्या दोरीचं एक टोक भावाकडे, दुसरं माझ्याकडे. ठाणेदारानं भोंग्यावरून दहा मिनिटं दिली आणि पाचव्या मिनिटाला लाठ्या सुरू झाल्या. माझ्याशेजारी बसलेल्या म्हातारीचं कपाळ फुटलं. तापलेल्या डांबरावर रक्त पडलं आणि लगेच काळं झालं. फलकवाल्या एका पोरीला केसांना धरून फरफटत नेलं. धुळीत ठाणेदार धावत आला तो सरळ जाळ्यात.

तीस वर्षं मासे धरलेला हात विचार करत नाही. जाळ्याला वजन लागलं की तो ओढतो. मी ओढलं. ठाणेदाराचे पाय वर गेले, तोंड रस्त्यावर आपटलं आणि दोन दात पडले.

मग पोलीस तुटून पडले. माझ्या खांद्यावर एकच लाठी बसली. भावाला तिघांनी घेतलं. त्याचं मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला, वाळकी काटकी मोडावी तसा. त्यानं दोरी सोडली नाही. मी सोडली, आणि एका ट्रकखाली शिरलो. हे मुलांना मी सांगत नाही.

गुन्हे लागले ते भावावर: रस्ता अडवणं, जमावबंदी मोडणं आणि सरकारी माणसावर जीवघेणा हल्ला. आमचं जाळं 'हत्यार' म्हणून जप्त झालं. दोरी आपणच ओढली, असं भावानं लिहून दिलं होतं. हे कळल्यावर मी ताटावरून उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठाण्यात गेलो. "साहेब, दोरी मी ओढली."

गुन्हे लिहून घेणाऱ्या मुन्शीनं मान वर केली. "एकानं कबूल केलं, आता तुम्ही? बसा, दोघाईचं लिहितो." भावाचं नाव काही त्यानं खोडलं नाही, माझं मात्र खाली जोडलं.

कोठडीत भाऊ प्लास्टर छातीशी धरून बसला होता. मला आत ढकललेलं पाहून त्याच्या डोळ्यांत अंगारच उतरला.

"काऊन आला बे?"

"खरं सांगाले."

"खरं! माहा तर हात मोडला. जंगल वाचलं तर तलावावर जाले घरात एक धड हात पाह्यजे होता. म्हणून खोटं बोललो ना मी, बयताडा!"

तो भिंतीकडे तोंड करून बसला. मग भिंतीलाच म्हणाला,

"पण ओढली जबरी, बे."