मिनिटभराच्या गाण्याचा अंतरा

गोरक्षभाऊंनी गाण्याचा ट्रॅक करायला घेतला की आमच्या मजल्यावर संचारबंदीच लागायची. संध्याकाळी साडेसातला सिरियल. टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून ते शीर्षकगीत टिपून घेत. तेवढ्यात कुणाच्या कुकरने शिट्टी दिली, की दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं. माझ्या मेल्या कुकरने दोनदा घात केला, तरी माणूस चिडला नाही.

भाऊ मूळचे नामपूरचे. सातपूरच्या कारखान्यात लेथवर काम करत. ब्याण्णव साली जुना कीबोर्ड आणला आणि नुसत्या कानाने शिकले. पुढे कॉम्प्युटर आला. आम्हा बायकांना तेव्हा सिरियलच्या गाण्यांचं भारी वेड, पण त्यांचे कॅराओके दुकानात मिळायचे नाहीत. मग सगळ्या भाऊंच्या दारात. चार वाक्यं बोललात की भाऊ सांगणार, "ताई, तुमची काळी चार." त्याच पट्टीत ट्रॅक तयार.

अडचण एकच. टीव्हीवर गाणं जेमतेम मिनिटभर वाजायचं आणि नवरात्रातल्या स्पर्धेत तीन मिनिटं गायची अट.

"मग पुढचं काय गाऊ?" मी विचारलं.

"पुढचं आपण बनवू की. त्यात काय हाय?"

अंतऱ्याची चाल भाऊंनी बांधली. शब्द त्यांच्या बायकोने, आशाने लिहिले. सातवी शिकलेली आशा. माहेरच्या बंद दाराशी उभं राहून उगाच हाक मारणारी बाई तिने चार ओळींत आणली होती. 

२००४ साली त्या अंतऱ्यावर मी पहिली आले. माझं गाणं संपताच परीक्षक बाईंनी माइकवरच विचारलं होतं, "मूळ गाण्याहून अंतरा सरस आहे. टीव्हीवर तर कधी ऐकला नाही. कुणाचा हो?"

भाऊ ट्रॅक लावायला कोपऱ्यात बसले होते. आशा तिसऱ्या रांगेत, ठेवणीतली साडी नेसून. आणि पहिल्या रांगेत माझ्या बँकेचे साहेब, सहकुटुंब. शेजारच्या लेथवाल्याने आणि त्याच्या सातवी पास बायकोने केलाय, हे त्यांच्यासमोर सांगायची मला लाज वाटली. दुसरं काही कारण नव्हतं.

"पूर्ण गाण्याची सीडी मिळते," मी म्हणाले. "मुंबईहून मागवली."

आशाने पदर सावरला आणि मान खाली घातली. भाऊंनी पुढच्या बाईचा ट्रॅक लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे पेढे घेऊन गेले. माफी मागायचीच, असं ठरवून गेले होते. आशाने पेढा घेतला, चहा टाकला. "छान गायलात ताई," भाऊ म्हणाले. मी परीक्षक बाईंच्या साडीबद्दल बोलत बसले आणि चहा पिऊन परत आले. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती.

त्यानंतरही भाऊ मागेल तिला ट्रॅक करून देत, पण मिनिटभराचाच. "टीव्हीवर हाय तेवढंच," म्हणत.

पुढच्या नवरात्राच्या आधी तळमजल्यावरच्या सावित्रीबाईंनी मला जिन्यात गाठलं. "भाऊ हल्ली अंतरा का देत नाहीत हो? तुमचं त्यांच्याशी चांगलं आहे. विचारा ना एकदा."

"विचारलं मी," मी म्हणाले. "आता सुचत नाही म्हणतात."